लिव्हर शाफ्टचा बावीस दिवसांचा प्रवास : भोसरीतील एका कारखान्याच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, २ जून २०२५

मे महिन्यात ग्राहकाच्या चाकणच्या कारखान्यातून ‘आमची लाइन थांबेल’ असे सहा फोन आले आणि त्यांपैकी चार एकाच भागासाठी, म्हणजे लिव्हर शाफ्टसाठी होते. त्याच महिन्याच्या अखेरीस लेखा विभागाने साठ्याची किंमत काढली, तेव्हा ती गेल्या तीन वर्षांतील सर्वांत मोठी निघाली. गोडाऊन भरलेले असताना ‘माल नाही’ असे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो, एवढाच प्रश्न साहेबांनी विचारला आणि याचे कारण शोधण्याचे काम नियोजन पाहणाऱ्या माझ्याकडे सोपवले. आज झालेल्या बैठकीत चार जणांनी चार उपाय सुचवले. साठा वाढवावा, आणखी एक व्हीएमसी (खाचा-छिद्रे करणारे संगणकचालित मशिन) घ्यावे, प्लेटिंगवाला (धातूचा मुलामा देणारा) बदलावा आणि ओव्हरटाइम सुरू करावा, असे ते होते. यांपैकी कोणताही उपाय मोजमापावर उभा नसल्यामुळे पहिला आठवडा फक्त मोजणीसाठी द्यावा, असे मी मागून घेतले आहे.

बुधवार, ४ जून

तपासणी विभागातील ताईंना बरोबर घेऊन बार कटिंगपासून पॅकिंगपर्यंत लिव्हर शाफ्टचा प्रत्येक नग मोजला. बाहेर दिलेल्या मालासाठी चलनांवर (मालासोबतच्या कागदांवर) न विसंबता हीट ट्रीटमेंट (भट्टीत तापवून टणक करणे) आणि प्लेटिंग या दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन आलो. कापलेले तुकडे ९००, टर्निंग (लेथवरचे कातकाम) होऊन व्हीएमसीच्या प्रतीक्षेत १,३४०, हीट ट्रीटमेंटला ६२०, ग्राइंडिंगपूर्वी (घासून नेमके माप देण्याआधी) ४८०, ग्राइंडिंग होऊन प्लेटिंगच्या टेम्पोसाठी थांबलेले ७८०, प्लेटिंगवाल्याकडे ८६० आणि पाठवण्यास तयार ३००, असे एकूण ५,२८० नग भरले.

ग्राहकाचे महिन्याचे शेड्यूल ६,००० नगांचे आहे, म्हणजे पंचवीस कामाच्या दिवसांत रोज २४०. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे लावण्यास अगदी सोपा आहे. एखाद्या व्यवस्थेत जितके नग अडकलेले असतात त्यांना रोज बाहेर पडणाऱ्या नगांनी भागले, की एका नगाला ती व्यवस्था पार करण्यास सरासरी किती दिवस लागतात ते मिळते. ५,२८० भागिले २४० केले की उत्तर २२ दिवस येते.

त्यानंतर स्टॉपवॉच घेऊन प्रत्यक्ष काम मोजले. कटिंग ४० सेकंद, टर्निंग ३ मिनिटे १० सेकंद, व्हीएमसीवर खाच आणि छिद्र २ मिनिटे २० सेकंद, ग्राइंडिंग दीड मिनिट, तपासणी ३५ सेकंद. एका नगाला आपल्या छपराखाली सव्वाआठ मिनिटे हात लागतो. बाहेरची भट्टी आणि प्लेटिंग मिळून आणखी एक दिवस धरला, तरी उरलेले सुमारे एकवीस दिवस तो शाफ्ट कुठल्या तरी ट्रेमध्ये नुसता पडून असतो. आपण कामगारांच्या वेगाविषयी तक्रार करतो तेव्हा त्या सव्वाआठ मिनिटांविषयी बोलत असतो आणि एकवीस दिवसांकडे कोणाचेच लक्ष नसते.

सोमवार, ९ जून

साठा म्हटला की सर्वांचे बोट प्रथम गेटजवळच्या पोलादी बारांच्या थप्पीकडे जाते, म्हणून आधी तिचा हिशेब केला. वर्षाला ३६ टन पोलाद लागते. एका खरेदीमागे टेम्पो, हमाली, चाचणी प्रमाणपत्राची पडताळणी आणि कागदपत्रे मिळून सुमारे २,५०० रुपये खर्च होतो. एक टन माल वर्षभर ठेवण्याचा खर्च, त्यात मुख्यतः बँकेचे व्याज, १२,००० रुपये येतो. फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने १९१३ मध्ये मांडलेल्या, एका वेळी किती माल घ्यावा ते सांगणाऱ्या सूत्रानुसार वार्षिक गरज आणि खरेदीखर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करून तिला साठवणखर्चाने भागायचे आणि त्याचे वर्गमूळ काढायचे. उत्तर ३.८७ टन आले. आपण मात्र एका वेळी ९ टन घेतो.

खरेदी विभागाची चूक सापडली, अशा आनंदात मी होतो. ९ टनांच्या पद्धतीत वर्षाचा खर्च ६४,००० रुपये होतो आणि ४ टनांच्या पद्धतीत ४६,५००. परंतु खरेदी पाहणाऱ्या काकांनी शांतपणे दरपत्रक पुढे केले. ९ टनांची ऑर्डर दिली की पुरवठादार किलोमागे एक रुपया सूट देतो, म्हणजे वर्षाला ३६,००० रुपये. ती वजा करता त्यांची पद्धत माझ्या पद्धतीपेक्षा १८,५०० रुपयांनी स्वस्त ठरते. सूत्र वापरण्यापूर्वी दरपत्रक पाहायला हवे होते. काकांची माफी मागितली आणि त्यांनी ती चहावर मान्य केली.

या हिशेबातून एक गोष्ट मात्र पदरात पडली. ३ टन घेतले तरी खर्च ४८,०००, म्हणजे ४ टनांपेक्षा केवळ दीड हजार जास्त. सूत्राच्या आकड्याच्या आसपास खर्चाची रेषा जवळजवळ सपाट असते, त्यामुळे तो आकडा दशांशापर्यंत पाळत बसण्याचे कारण नाही. पोलादाची थप्पी तूर्त आहे तशीच राहू द्यावी, कारण आपले दुखणे तिथे नाही.

शुक्रवार, १३ जून

शेड्यूल हातोहात कसे फुगते ते आज कागदावर दिसले. ग्राहकाने ६,००० मागितले. विक्री विभागाने ‘पुढे वाढेल’ म्हणून ६,३०० कळवले. नियोजनाने, म्हणजे मीच, पाच टक्के चढवून ६,६१५ केले. उत्पादन विभागाने रिजेक्शनसाठी (बाद होणाऱ्या नगांसाठी) राखून आकडा ७,००० वर नेला आणि कटिंगवाल्यांनी बार संपेपर्यंत कापले. महिनाअखेरीस माल उरला, की पुढच्या महिन्यात हेच सर्व जण हात आखडता घेतात आणि तुटवडा पडतो. मागणी जवळजवळ स्थिर असतानाही साखळीत मागे जाल तसे हेलकावे वाढत जातात, हे अमेरिकी संशोधक जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले होते. त्यांनी ते कारखाना, वितरक आणि दुकानदार यांच्यात पाहिले, आपल्याकडे मात्र ते एकाच छपराखाली चार टेबलांच्या अंतरात घडते. आजपासून ग्राहकाच्या शेड्यूलचा मूळ कागद चारही टेबलांवर जाईल आणि रिजेक्शनची भर एकाच ठिकाणी, प्रत्यक्ष टक्केवारीनुसार घातली जाईल.

मंगळवार, १७ जून

सर्वांत मोठा ढीग, म्हणजे १,३४० नग, व्हीएमसीसमोर आहे. त्याचे कारण विचारले असता सेटर दादांनी सांगितले, की एकदा सेटिंग, म्हणजे दुसऱ्या भागासाठी मशिनची मांडणी, बदलले की २,००० नग काढल्याशिवाय परवडत नाही. म्हणून आज त्यांचे सेटिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभे राहून पाहिले. मशिन १७० मिनिटे बंद होते. त्यांपैकी ३५ मिनिटे फिक्स्चर (नग पकडून ठेवणारी चौकट) शोधून, आणून साफ करण्यात गेली, २८ मिनिटे टूल होल्डर आणि योग्य मापाची एलन की मिळवण्यात गेली (ती शेवटी शेजारच्या मशिनवरच्या ऑपरेटरच्या खिशात सापडली) आणि ३२ मिनिटे पहिला नग तपासून येण्याची वाट पाहण्यात गेली. ही ९५ मिनिटे मशिन बंद असण्याचे काहीच कारण नव्हते. उरलेल्या ७५ मिनिटांतही फिक्स्चर डायल (सरळपणा दाखवणारे मापक) लावून सरळ करण्यात बराच वेळ गेला.

जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटाच्या १,००० टनी प्रेसवर हाच प्रश्न हाताळला होता. तिथे डाय (साचा) बदलण्यास चार तास लागत असत. त्यांनी तो वेळ आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आणला. त्यामागची कल्पना मशिन बंद असतानाच करता येणारी कामे आणि ते चालू असताना आधीच उरकता येणारी कामे वेगळी करण्याची आहे. तीन मिनिटांचे स्वप्न मी पाहत नाही. फिक्स्चर आदल्या शिफ्टमध्येच साफ करून ट्रॉलीवर ठेवणे, एलन कीचा एक संच मशिनलाच साखळीने बांधणे, टेबलावर दोन लोकेटिंग पिना बसवून डायलचे काम टाळणे आणि पहिला नग येताच ताईंनी गेज घेऊन मशिनपाशी येणे, एवढे चार बदल ठरवले आहेत.

बुधवार, १८ जून

आज देहूतून तुकोबांच्या पालखीचे प्रस्थान आहे आणि उद्या आळंदीहून माउलींचे. उद्या गुरुवार असल्यामुळे आपल्याला साप्ताहिक सुट्टी आहेच, परंतु शुक्रवारी दोन्ही पालख्या पुण्यात येत असल्याने दिघीकडचा आणि जुन्या मुंबई रस्त्याचा भरवसा धरता येणार नाही. शुक्रवारचा चाकणचा माल आजच रवाना केला. हा दिवस वर्षभर आधी ठाऊक असतो आणि तरीही दरवर्षी आपला एखादा टेम्पो वारीत अडकतो. पुढील वर्षापासून ही तारीख नियोजनाच्या तक्त्यावर जानेवारीतच लिहिली जाईल.

सुट्ट्यांवरून आणखी एक बाब ध्यानात आली. आपली सुट्टी गुरुवारी आणि ग्राहकाची रविवारी असते. बुधवारी संध्याकाळी प्लेटिंगहून आलेला माल शुक्रवारी तपासला जातो, शनिवारी उशिरा पॅक होतो आणि सोमवारी चाकणला पोहोचतो. तपासणी आणि पॅकिंग सोडता कोणतेही काम न होता पाच दिवस निघून जातात. बुधवारचा टेम्पो मंगळवारी आणता आला, तर यातील बरेचसे वाचेल.

मंगळवार, २४ जून

नव्या पद्धतीने पहिले सेटिंग ५८ मिनिटांत झाले. त्यात पिनांमुळे प्रत्यक्ष काम ४८ मिनिटांवर आले आणि पहिल्या नगाच्या तपासणीला दहा मिनिटे लागली. पूर्वी २,००० च्या लॉटने महिन्यात तीन सेटिंगे होत आणि त्यात मशिनची ५१० मिनिटे जात. आता ७५० च्या लॉटने आठ सेटिंगे केली तरी ४६४ मिनिटेच जातात. लॉट लहान केल्याने मशिन अधिक वेळ बंद राहील, ही सेटर दादांची शंका या दोन आकड्यांनी मिटली. अनपेक्षित सोयही झाली. बाहेर पाठवताना नगाची किंमत सुमारे ११० रुपये धरतो, त्यामुळे ७५० नगांचे चलन ८२,५०० रुपयांचे होते. महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीला एक लाख रुपयांपर्यंत ई-वे बिल (मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद) लागत नाही, म्हणून जॉबवर्कच्या (बाहेरून करून घ्यायच्या कामाच्या) चलनावरच टेम्पो निघतो.

शुक्रवार, २७ जून

सकाळी वाईट दृश्य पाहायला मिळाले. मोठ्या लॉटपैकी ग्राइंडिंग होऊन थांबलेले सुमारे ५०० नग खिडकीजवळच्या ट्रेमध्ये होते. पाऊस या वर्षी मे महिन्यातच आला आणि हवेत सतत दमटपणा आहे. सुट्टीच्या दिवशी तिरका पाऊस आत आला असावा. ताईंनी एक नग उचलून माझ्या हातात ठेवला. आरशासारख्या घासलेल्या पृष्ठभागावर बोटांचे ठसे गंजाने अगदी स्पष्ट उमटले होते, इतके की अंगठा कुठला ते ओळखता यावे. गंजरोधक तेल लावायचे राहून गेले होते, कारण ‘संध्याकाळी टेम्पो येणारच आहे’ असे बुधवारी सर्वांना वाटले आणि टेम्पो आला नाही. १६० नग पुन्हा घासूनही मापाबाहेर गेले.

९ जूनच्या हिशेबात मी साठवणखर्च म्हणून मुख्यतः व्याज धरले होते. थांबलेला माल गंजतो, त्याला ओरखडे पडतात, त्याचे चलन हरवते आणि त्यात दडलेला दोष महिनाभर उघडकीस येत नाही, हा खर्च त्या १२,००० रुपयांत कुठेच नव्हता.

मंगळवार, १ जुलै

टेम्पो का आला नाही हे विचारण्यासाठी प्लेटिंगवाल्यांकडे गेलो. गेल्या तीस चलनांवरून काढले, तर माल परत येण्यास सरासरी चार दिवस लागतात, परंतु कधी दोन तर कधी आठही लागतात. मी हा कागद पुढे ठेवला. मालकांनी तो वाचला आणि म्हणाले, “साहेब, तुमचा दोन हजारांचा ढीग एकदम येतो, मग दहा दिवस काहीच नाही. माझे बॅरल तुमच्यासाठी रिकामे ठेवू का? आणि राग मानू नका, पण पेमेंट सत्तर दिवसांनी येते. ज्याचे पंचविसाव्या दिवशी येते, त्याचा माल मी आधी टाकतो.”

यावर देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते. परत येऊन लेखा विभागाशी बोललो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी अशा पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात आणि करार नसेल तर १५ दिवसांत. शिवाय १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम ४३बी(एच) १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले आहे. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देऊ त्या वर्षातच वजावटीस पात्र ठरतो. लेखापालांना हे माहीत होते, मात्र त्यांच्या दृष्टीने ही मार्चमध्ये निस्तरण्याची बाब होती. पुरवठ्याचा वेग त्यांच्या टेबलावरून ठरतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंट या दोघांचे पैसे यापुढे तीस दिवसांत देण्यास साहेबांनी मान्यता दिली.

शुक्रवार, ४ जुलै

प्लेटिंगच्या अनियमितपणाची किंमत नगांत काढून पाहिली. रोजची मागणी सरासरी २४० आणि तिचे प्रमाण विचलन (सरासरीपासून होणाऱ्या चढउताराचे माप) ६० आहे. प्लेटिंगहून माल नेमका चार दिवसांनी येत असता, तर शंभरपैकी पंचाण्णव वेळा तुटवडा टाळण्यास १.६५ गुणिले ६० गुणिले चारचे वर्गमूळ, म्हणजे १९८ नगांचा राखीव साठा पुरला असता. परंतु या चार दिवसांचेच प्रमाण विचलन दोन दिवस आहे. ते हिशेबात घेतले की हाच राखीव साठा ८१६ होतो. वरचे ६१८ नग निव्वळ ‘टेम्पो कधी येईल ते सांगता येत नाही’ या वाक्यासाठी ठेवावे लागतात. विचलन एका दिवसावर आणता आले तर ४४३ नग पुरतील. दिवस चारच राहिले तरी चालेल, फक्त ते चारच असले पाहिजेत.

मंगळवार, ८ जुलै

टर्निंग आणि व्हीएमसी यांच्यामध्ये पन्नास नगांचे दहाच ट्रे ठेवले आणि रिकामा ट्रे परत आल्याशिवाय टर्निंगवाल्याने पुढचे नग काढायचे नाहीत, असा नियम केला. तैइची ओहनो यांनी टोयोटामध्ये रुजवलेली कानबान पद्धत मी फळ्यावर चित्र काढून समजावू लागलो, तेव्हा स्टोअरचे काका मागून म्हणाले, “म्हणजे पूर्वीच्या दुधाच्या बाटल्या. रिकाम्या दाराबाहेर ठेवल्या तेवढ्याच भरलेल्या यायच्या.” फळा पुसला आणि हेच वाक्य सर्वांना सांगितले. टर्निंगच्या ऑपरेटरला काम नसताना मशिनपाशी उभे राहणे अवघड जाते, कारण आजवर रिकामे हात म्हणजे बोलणी खाणे असा त्याचा अनुभव आहे. त्या वेळात त्याने बर (कडेला उरलेला खरखरीत धातू) काढण्यास मदत करावी, असे ठरले.

मंगळवार, १५ जुलै

स्टोअरमध्ये रद्दी पुठ्ठ्यांच्या मागे एक क्रेट सापडला. त्यात तेल लावून, कागदात गुंडाळून, ओळीने मांडलेले ४५० तयार लिव्हर शाफ्ट होते. ते कोणत्याही बिन कार्डवर (साठ्याच्या नोंदपत्रावर) नव्हते आणि ४ जूनच्या माझ्या मोजणीतही आले नव्हते. स्टोअरचे काका आधी गप्प राहिले, मग म्हणाले, “अडीनडीला असावेत म्हणून. रात्री अकराला चाकणचा फोन येतो तेव्हा तो मला येतो, तुम्हाला नाही.”

त्यांना बोल लावण्याचा माझा हक्क नाही, असे वाटले. जून संपल्यापासून प्लेटिंगचे विचलन जवळजवळ एका दिवसावर आले आहे, आणि त्या स्थितीत सूत्र ४४३ नग ठेवण्यास सांगते. काकांनी कोणतेही वर्गमूळ न काढता ४५० ठेवले होते. क्रेटला पिवळा रंग दिला, त्याला बिन कार्ड लावले आणि तो दारासमोरच्या रॅकवर आणला. त्यातून माल काढल्यास त्याच दिवशी कारण लिहायचे आणि जुना माल आधी जाईल अशा क्रमाने भरायचे, ही जबाबदारी काकांकडेच दिली आहे.

बुधवार, २३ जुलै

काल एका लॉटमध्ये खाचेची खोली कमी निघाली. टूल बदलल्यावर ऑफसेट (नव्या टूलच्या मापाची दुरुस्ती) द्यायचा राहिला होता. तपासणीत अडकेपर्यंत २१२ नग झाले होते. जुन्या पद्धतीत हा दोष २,००० नगांमध्ये पसरून ग्राइंडिंगपर्यंत गेला असता. पिवळ्या क्रेटमधून २०० नग काढून चाकणचा माल वेळेवर गेला. फोन आला, मात्र तो चलनावरील क्रमांक विचारण्यासाठी होता.

बुधवार, ३० जुलै

४ जूनप्रमाणेच ताईंबरोबर पुन्हा मोजणी केली. पिवळ्या क्रेटसह २,८८० नग आहेत, म्हणजे १२ दिवस. यातील ९०० कापलेले तुकडे अजूनही पहिल्याइतकेच आहेत, कारण बार संपेपर्यंत कापण्याची सवय गेलेली नाही. करवतीला ट्रेचा नियम लावण्याचे माझ्याकडूनच राहिले होते, तो शुक्रवारपासून लागू होईल. जुलैमध्ये लाइन थांबण्याचे दोन फोन आले आणि दोन्ही ब्रॅकेटसाठी होते. ब्रॅकेटची मोजणी शनिवारी सकाळी आठ वाजता सुरू करायची आहे. या वेळी रद्दी पुठ्ठ्यांच्या मागे आधी पाहावे, असे काकांनी स्वतःहून सुचवले आहे.